समासात

दांडिया बाजारच्या कचेरीत दोन स्कॅनर, एक पंखा,
आणि अकरा वाजता भारतीबेनचा चहा.
पानामागे चार रुपये मिळतात.
वाचण्याचे पैसे नाहीत.

तरी वाचते.

ही वही त्र्यंबक सखाराम दिघ्यांची,
भाषांतर शाखा, बडोदे सरकार, सन सव्वीस.
'जेफरसन यांचे चरित्र', कधी छापलंच नाही.
का, ते कुठे नाही. फाइलवर फक्त 'परत'.

पहिली शंभर पानं दिघे खुशीत आहेत.
डोंगरावरचं ते घर असं रंगवलंय
की पावागडच्या पायऱ्या चढून तिथे पोचावं.
तो माणूस रोज पारा बघून लिहून ठेवायचा,
वाटाणे कधी पेरले, पहिली शेंग कधी ताटात आली, तेही.
कारकून कारकुनाला ओळखतो,
मग एक जण राष्ट्राध्यक्ष का असेना.

मग ते वाक्य येतं. त्याचं ते वाक्य.
'सर्व माणसे' इथवर अक्षर घोटीव.
पुढे समान. खोडलं. सारखी. खोडलं.
एका तोलाची, यावर शाई सांडलीय
किंवा सांडवलीय.
तारखा पाहिल्या तर वही आठ दिवस बंद.

नवव्या दिवशी एकदम खिळे.
डोंगरावर खिळ्यांचं कामठाण होतं,
दहा-बारा वर्षांची पोरं, त्याच्याच मालकीची.
सकाळी लोखंड तोलून द्यायचं,
संध्याकाळी खिळे तोलून घ्यायचे,
कुणी किती वाया घालवलं ते वहीत.
वाटाण्यांसारखंच, नीट.

दिघे इथे 'नोकर' लिहितात.
दोन पानांनी 'चाकर'. मग 'आश्रित'.
मग एका ओळीत एकटाच शब्द: गुलाम.
निब कागदात रुतलंय. स्कॅनमध्येही दिसतं.

तो गेला चार जुलैला,
त्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी.
मागे कर्ज, भलतंच.
पुढच्या जानेवारीत लिलाव: जनावरं, धान्य, खुर्च्या,
एकशेतीस माणसं.
थडग्यावर आपली कोणती तीन कामं कोरायची
ते तो सांगून गेला होता. राष्ट्राध्यक्षपद त्यात नाही.
खिळेही नाहीत.

आणि इथे, समासात, पेन्सिलीनं, बारीक:
'रतन्या. मागल्या गल्लीने येतो.
सव्वीस वर्षे. आडनाव विचारले नाही.'

एवढंच. पुढच्या पानावर शुद्धिपत्र.

दुपारी सुरसागरच्या कठड्यावर डबा उघडला.
दिघ्यांना माफ करावं का, असं मनात आलं
आणि लाज वाटली. मी कोण.
रावपुऱ्यात आमच्या घरालाही मागचं दार होतं.
आता तिथे वॉशिंग मशीन आहे.
त्या दारानं कोण यायचं, हे आठवेना,
तो यायचा ती वेळ तेवढी आठवली.

परत येऊन फॉर्म भरला.
भाषांतरकार: दिघे, त्र्यं. स.
विषय: चरित्र, अमेरिका.
इतर नावे: हा रकाना तीन वर्षांत मी कधी भरला नव्हता.
रतन्या, असं टाइप केलं.
थांबले.
शेवटचं 'या' काढून टाकलं. रतन.

खाली लाल अक्षरं: आडनाव आवश्यक आहे.

भारतीबेन मागून म्हणाली,
'कंई पण लखी दे ने, पान तो आगळ जाय.'

कंई पण कसं लिहू.
पान क्रमांक दोनशे सोळा
अजून सेव्ह झालेलं नाही.