दिवसाचा चमचा

गुरुवारी किडनीच्या ओपीडीत माझ्यापुढे
एक टेबल, काचेच्या बरणीत पाव किलो मीठ
आणि खोकल्याच्या औषधासोबत येतो तसला प्लॅस्टिकचा चमचा.
मी चमचा भरते, बोटानं सपाट करते, म्हणते,
"हे एवढं. दिवसभराचं. सगळं धरून."

काथोड भोईर, वय सदुसष्ट, क्रिएटिनिन तीन पूर्णांक दोन,
चमच्याकडे बघतच नाहीत.
बरणीतली चिमूट घेतात, दोन बोटांत चुरतात,
उजेडाकडे धरतात.
"हे कारखान्यातलं, दळलेलं. आमचा दाणा असा नव्हता."

भांडुपच्या मिठागरात तेहतीस वर्षं.
खाडीचं पाणी कोंडीत घ्यायचं,
चिखल पायांनी तुडवून जमीन बसवायची,
ऊन चढलं की फळीनं दाणा ओढायचा
आणि चाळीस किलोची टोपली डोक्यावर.
"मॅडम, एका टोपलीत तुमचे असे किती दिवस?"

मी मनात भागाकार करते.
आठ हजार. म्हणजे बावीस वर्षं, जवळजवळ.
सांगत नाही.
त्यांनी तो हिशेब आधीच केलेला असतो.
मग आम्ही दोघंही घाईनं
पापडाकडे वळतो.

"भाजीत मी घालतच नाही आता," जोमाबाई म्हणतात.
खारा बांगडा?
"तो काय मीठ आहे? मासळी आहे ती."
चहाबरोबर?
"दोन खाऱ्या."
नावातच सांगितलंय हो तिनं, जोमाबाई.
"आणि पाव. पाव तर गोडा असतो!"
नसतो. बेकरीवाला पिठात मूठ टाकतो
आणि तुम्हाला चव लागत नाही, एवढंच.

पिशवीतून एक महागडं पाकीट निघतं.
मुलानं आणलेलं, कमी सोडियमचं, हृदयाला चांगलं.
ते मी माझ्या बाजूला ओढून घेते.
यात पोटॅशियम. यांच्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही.
साचलं की हृदयच गडबडतं.
"मग सैंधव?"
तेही मीठच. गुलाबी.

लिंबू पिळा. लसूण ठेचा, आलं, मिरी,
आमटीला एखादं आमसूल.
तीन-चार आठवडे जीभ रुसून बसेल,
ताट सरकवेल, तुम्हाला बोल लावेल.
मग ऐकते.
जीभ माणसापेक्षा लवकर ऐकते.

मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबते.
खळगा पडतो. तसाच राहतो.
ते वाकून बघतात, जुनी ओळख पटल्यासारखे.
"कोंडीत पाय रुतला की अस्संच.
मग हळूहळू पाणी भरायचं."
आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता,
"तेव्हा घामातनं निघून जायचं सगळं.
संध्याकाळी बंडी काढून जमिनीवर ठेवली
तर उभी राहायची, माणसासारखी."

खाल्ल्या मिठाला माणसानं जागावं म्हणतात.
इथे मीठच जागतं, रात्रभर,
दोन पायांत.

कागद घडी घालून ब्लाउजमध्ये खोचून
जोमाबाई दारापर्यंत जातात, परत येतात.
आवाज खाली.
"दर अवसेला मीठ-मोहऱ्या ओवाळते यांच्यावरनं.
दृष्टीसाठी. मूठभर लागतं.
ते चालेल?"

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
चार्टात नाही. प्रशिक्षणात नव्हतं.

"चालेल," मी म्हणाले.
"ते चमच्यात धरू नका."

दीड वाजता मी माझा डबा उघडला.
लोणच्याची फोड झाकणावर काढून ठेवली.
बरणीकडे पाठ केली.
मग खाल्ली.