चामोटी

पुराच्या पाण्यात आठ दिवस राहिली बाबांची चामोटी.
वाळली तशी वाकडी झाली,
जुन्या चपलेच्या तळासारखी.
वस्तरा तिच्यावर चालत नाही, अडखळतो.

शेजारचा पोरगा म्हणतो, अर्धं ब्लेड लावा, फेकून द्या.
लावतो. फेकतो.
पण दुपारी खुर्ची रिकामी असली
की मनातल्या मनात चामोट्या कापत बसतो:

भिलवडीच्या वाळूवर पडलेल्या मगरीची जांभई,
आतली मऊ बाजू.
(बाबांच्या हाताला चालली असती. माझा हात भितो.)

हरिपूरला पौषातल्या पहाटे
नदी पाठ वर करून निजते,
त्या पाठीची एक पट्टी, चार बोटं रुंद.

किंवा मार्केट यार्डात
रुमालाखाली बोटं हळदीचा भाव बोलतात
तेव्हा वर जो अबोला ताणला जातो, तो.
त्याला तेलसुद्धा लागणार नाही.

काल दऱ्याप्पा हमाल आला.
गालाला साबण लावता लावता
सगळं सांगून बसलो त्याला, उगाच.
हसला नाही. सदऱ्याची दोन बटणं काढली.
"हिथलं घे की. चाळीस वर्सं पोतं बसलंय हितं."

खांद्यावर घट्टा, घोरपडीच्या पाठीसारखा.
वस्तरा उघडला. पाठीकडून ओढला,
एकदा गेलो, एकदा आलो.
"लागतंय का?"
"कुठं काय?"

मग दाढी केली. पातं कुठंच अडलं नाही.
पुसायला घेतलं,
तर फडकं पिवळं.