उचकी

रोई, तुझी बहीण पोटात असल्यापासूनच थरथरायची.
रात्री तीनला, गजर लावल्यासारखी.
सुईण म्हणाली, उचकी आहे, बाळांना लागते.
तुझ्या वेळीही हेच म्हणाली होती.

तू अकरा दिवस होतास.
मूठ वळायची, डोळे एका अंगाला ओढले जायचे,
ओठ चुटचुट वाजायचे, नसलेलं दूध प्यायल्यासारखे.
आकडी, म्हणाले. औषधं दिली, एकावर एक,
तुझ्यापर्यंत एकही पोचलं नाही.
कागदावर लिहिलं : कारण अज्ञात.
होग्नी तेव्हा आइसलंडपलीकडे ट्रॉलरवर होता.
आला तेव्हा धुकं इतकं, की चर्चच्या आवारातला
तुझा दगड त्याने हातांनी चाचपून शोधला.

या वेळी मी वही घातली.
पहिल्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी एकोणीस.
किती सेकंद, कुठला हात आधी.
आकडीचे आकडे.
तोर्शहाव्हनच्या डॉक्टरीणबाईंनी वही शेवटापासून वाचली
आणि विचारलं, आधी कुणी?
मी तुझं नाव सांगितलं.
ते नाव पहिल्यांदाच कुणाच्या कामी आलं.

त्यांनी सुई भरली. जीवनसत्त्व, बी-सहा.
बटाट्यात असतं म्हणे, माशातही.
आमच्याकडे दुसरं शिजतं काय?
पण तिला घासाघासाने पुरत नाही, ओंजळीने लागतं :
एक खोट अर्धी होग्नीकडून आली, अर्धी माझ्याकडून,
दोघांनाही कधी न बोचलेली.

कळपात परकं कुत्रं शिरावं
तशा पडद्यावर रेषा उधळल्या होत्या.
सहाव्या मिनिटाला एकेक ओळीत आली.
पोर इतकी निपचित झाली
की नर्सने तिच्या छातीवर हात ठेवला, आणि ठेवूनच उभी राहिली.

मी रडले नाही.
किंमत विचारली.
बाई आधी बोलेनात. मग म्हणाल्या,
एका पावाची.

आता रोज सकाळी चमच्यात गोळी चुरते.
कडू. ती तोंड वाकडं करते,
मी दचकते, मोजू लागते,
तीनपर्यंत पोचते तोवर ती हसते.

कधी तिला खरीखुरी उचकी लागते.
कुणीतरी आठवण काढतंय, असं मी गमतीने म्हणायचे.
आता खिडकीकडे वळून
तू ना, विचारते.
उचकी थांबते, किंवा नाही थांबत.

वही उशीखालीच आहे.
बरीच पानं कोरी.