नाव ठेवणं

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात
तार्तू नगरपालिकेच्या सरपण-मदतीच्या फॉर्मवर
हेल्दुर रेबाने यांनी मागितलं
एक्कावन्न घनमीटर बर्च.

आइले हसली आधी, मग सगळं ऑफिस.
एका शेगडीचं घर, एकटा म्हातारा,
एवढं लाकूड गिळणार आहे का?
मीही हसले. फॉर्म माझाच होता.
नीट वाचतच नाहीत ही माणसं, म्हणत
जेवणाच्या सुट्टीपर्यंत
त्यांना नावं ठेवत राहिले.

एक्कावन्न हा घराचा क्रमांक होता,
हे मला त्यांच्या फाटकापाशी कळलं.

कार्लोवातलं लाकडी घर, पिवळ्या रंगाचे पोपडे,
बाहेर अर्धं पाणी अर्धं बर्फ पडत होतं.
त्यांनी दिवा लावला. माझ्यासाठी.
त्यांना नवव्या वर्षापासून त्याचं काम नव्हतं.
आयुष्यभर पियानो जुळवले, म्हणाले,
आणि लॅपटॉपमधला आवाज इतका भरधाव सोडलेला
की मला माझीच भाषा ओळखू येईना.
"हळू करतो," पाहुण्याला
चहा जरा निववून द्यावा तसं म्हणाले.

मग मी ऐकला माझा फॉर्म.

मजकूर चौकट. रिकामी.
मजकूर चौकट. रिकामी.
मजकूर चौकट. रिकामी.
खूणचौकट. खूण नाही.
मजकूर चौकट. रिकामी.

लांबच लांब बोळात
कुणीतरी एकेका दारावर टकटक करून
एवढंच सांगत होतं: हे दार आहे.

पण मी लिहिलं होतं ना!
प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर, सुबक करड्या अक्षरांत:
नाव, रस्ता, घर क्रमांक, किती घनमीटर.
लिहिलं होतं. बांधलं नव्हतं.
शब्द चौकटीच्या शेजारी राहत होता,
आणि शेजार म्हणजे नातं नव्हे.
डोळ्यांना हे कळत नाही,
डोळे कुणाचंही कुणाशी लग्न लावून देतात.

"अंदाजाने भरलं," हेल्दुर म्हणाले,
"माणूस साधारण ज्या क्रमाने विचारतो, त्या क्रमाने.
पियानोच्या पट्ट्यांवरही कुणी नावं लिहीत नाही,
पण दाबली की ती बोलते.
तुमची दाबली तरी गप्प."

चूक झाली की चौकट लाल होते,
हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

त्यांच्याच स्वयंपाकघरात, मेणकापडावर कोपरं टेकून
मी आत गेले, खालच्या ओळींत,
जिथे एक छोटासा शब्द लागतो: साठी.
हे नाव त्या चौकटीसाठी.
आणि चौकटीला स्वतःची एक खूण, जी दुसऱ्या कुणाची नाही.
(माझ्याकडे घर क्रमांक आणि फोन
एकच खूण घालून हिंडत होते,
घाईत डकवलेले जुळे.)
चौदा चौकटी. नाव कानात सांगायचं असतं,
मी पाटीवर रंगवून मोकळी झाले होते.

पुन्हा उघडला.
घर क्रमांक. मजकूर चौकट. रिकामी.
एक्कावन्न.
किती घनमीटर. मजकूर चौकट. रिकामी.
सहा.
रास कुठे रचायची.
ते थांबले. "हेही विचारता तुम्ही?"
गेल्या खेपेला तिथे त्यांचा फोन नंबर होता.
मग बोटं सावकाश चालली:
शेडच्या मागे, वारा लागेल अशी.
खिडकीखाली नको. तिथे वेल्लाचं झुडूप आहे,
बर्फाखाली दिसणार नाही.

वेल्ला कोण, मी विचारलं नाही.
त्यासाठी चौकट नव्हती.

शेवटी आवाज म्हणाला: बटण.
एवढंच.
"कसलं?"
"पाठवायचं. तिथे मी बाण काढलाय."
"चांगला काढलाय?"

मी मान हलवली.
मग लक्षात आलं, आणि तोंडाने म्हणाले,
हो.