काळी तीन

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथ गप्प, भट्ट्या गार,
म्हणून मालनताईंचं सगळं रेकॉर्डिंग सोमवारचं.
नऊ गाणी, तेरा सोमवार.
एक दिवाळीनं खाल्ला,
दोन त्यांच्या गुडघ्यानं.

जिना लोखंडी, अरुंद.
सातव्या पायरीवर त्या थांबायच्या
आणि खालच्या शटरवरचं नाव
पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं करायच्या.
मी वरून बघायचो, हात द्यायचो नाही.
पहिल्या दिवशी दिला होता.
"माईक धर की बाबा, मला काय धरतोस?"

एके काळी म्हणे हा आवाज
भोंगा बंद पडला तरी
मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा.
असं म्हणणारे आता कमी उरलेत.
मी ऐकला तो कॅसेटवर,
बी बाजू, घासलेली,
काळी पाच.

म्हणून इरफाननं सवयीनं तीच पट्टी धरली.
त्याच्या बापानं, दिलावर नदाफनं,
एकतीस वर्षं हिच्यासाठी हीच धरली होती.
अर्धी ओळ झाली, ताई थांबल्या.
"खाली घे."
काळी चार.
"अजून."
तीन.
त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.
"हां. आता आपलं बिऱ्हाड हितं."

नंतर रात्री बसून मी सगळं साफ केलं.
सूर सरळ केले, खरखर घासून काढली,
ओळीआधीचा एकेक श्वास
नखाची कड कापावी तसा कापला.
अभिमानानं हेडफोन दिला त्यांच्या हातात.

दोन गाणी ऐकली त्यांनी, डोळे मिटून.
"चांगलं गातीया. कोण हाय ही?"
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
"माझा दम कुठं गेला?"
काढला ताई, आवाज येत होता.
"महिन्याला सहाशे रुपयं जात्यात पंपाला.
इकत घेतलाय मी त्यो.
परत आण."

परत आणला.
एकेक जोडत गेलो तेव्हा कळलं,
कुठला श्वास घाईचा,
कुठला शब्द आठवण्यापुरता,
आणि सहाव्या गाण्यातला तो एक लांब,
ज्याच्यानंतर त्या गायल्याच नाहीत,
हातानं नुसतं "चालू दे" म्हणाल्या.

आठव्यात दिलावरची जागा होती,
चार आवर्तनं, पेटीची.
इरफाननं बोटं उचलली.
ताईंनी मान हलवली, नको.
मग नुसता ठेका चालला,
खुर्ची कुरकुरली,
लांब दुधाच्या गाडीनं हॉर्न दिला.
तेही ठेवलंय.

कव्हरवर जुना फोटो नको म्हणाल्या.
"ती पोरगी यात गायली न्हाई."
मग नुसतं नाव छापलं, मालन जिरगे,
आणि खाली बारीक अक्षरात: पेटी, नदाफ.
कुठला नदाफ ते लिहिलं नाही.

मंगळवारी खालच्या संभा सुतारानं
पेनड्राइव्ह लावला, स्पीकर शिवणाच्या डब्यावर.
लेथ सुरू, गाणं सुरू,
मला वरून काहीच कळेना.
मग जॉबचं माप घ्यायला त्यानं मशीन थांबवलं,
कॅलिपर लावला,
आणि नेमका तेवढ्यात
ओळीआधीचा तो श्वास.

संभानं मागं वळून बघितलं,
दारात कोण उभं आहे म्हणून.