उष्टी हवा

जिबूतीहून खत भरून निघालो की
मिलेपर्यंत ठीक. पुढं बातीचा चढ लागला की
आमचा ट्रक काळा खोकायचा.
बेलाय गिअर उतरवत न्यायचा, तिसरा, दुसरा,
आणि शेजारून गाढवं पुढं जायची
सरपणाचे भारे घेऊन, बिनघाईची.

हुमेदनं बॉनेट उघडलं. पाना उचललाच नाही.
नुसता हात नेला फिल्टरच्या तोंडाशी
आणि झटक्यात मागं घेतला.
"रेडिएटरनं ओकलेली हवा पितंय हे.
उष्ट्यावर कुणी चढ चढतं का?"

मग जळालेल्या एका टँकरचा होज,
पाण्याच्या पिवळ्या डब्याचं कापून केलेलं नरसाळं,
फटींना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या.
मी टपावर बसून नळी धरली,
धुळीचा हात पुरणार नाही इतकी उंच.
तोंडाला जाळी, बेलायच्या घरच्या
टेफ चाळायच्या चाळणीची.
बायकोला अजून माहीत नाही.

हवा काही गार नव्हती. अफारमध्ये गार काय असतं?
बाहेर बेचाळीस. पण आत सत्तर होतं,
आणि तेवढ्या फरकावर
तिसरा गिअर टिकला वळणापर्यंत.
धूर राखाडी झाला, मग दिसेना.

बेलाय काही बोलला नाही.
बावीस वर्षं याच केबिनमध्ये
इंजिनाच्या अंगाला अंग लावून बसलेला माणूस.
वळण सरलं तसं त्यानं
त्याच्या बाजूची कायमची अडकलेली काच
स्क्रूड्रायव्हर खुपसून खाली ढकलली
आणि डोकं बाहेर काढलं.