आधी कुठे पाहायचं

रात्रीचे अकरा. ईसाफ्योर्दुरला बर्फ वरून पडत नाही,
आडवा येतो, फ्योर्डच्या तोंडातून.
मासे गोठवायच्या कारखान्यातली कचेरी,
मी आणि एक मशीन, दोघंच जागे,
आणि टेबलावर झ्जिस्वावाची पगाराची चिठ्ठी,
कॉडचा वास अजून न गेलेली.

दुपारी ती रबरी बूट न काढताच आली होती.
"अकरा पेट्या कापल्या. कागद म्हणतो पाच."
तिचं आइसलँडिक माझ्या पोलिशहून बरं,
कारण मला पोलिश येतच नाही.

नोंदी उघडल्या. पेट्या हरवल्या नव्हत्या.
पाच होत्या 'टर्म सात'च्या नावावर,
सहा 'काटा दक्षिण'च्या.
आणि दोन्ही नावं एकाच टर्मिनलची:
खिडकीखालचं ते पिवळं पडलेलं,
एन्टरची कळ चिकटपट्टीने धरून ठेवलेलं.

मशीनला नाव ठाऊक नसतं.
त्याला ठाऊक असतात दोन आकडे, बावीस आणि सात,
आणि नाव हवं झालं की ते निघतं दारं ठोठावत:
बावीस-सात इथे राहतात का?
डिस्कच्या गल्लीत विचारतं, टेपच्या गल्लीत विचारतं,
सगळा बंद पडलेल्या प्रिंटरचा वाडा पालथा घालतं.
काखेत कळसा, आणि हे गावाला वळसा घालून येतं.
पहिलं जे दार "हो" म्हणेल
त्या दारावरची पाटी घेऊन परत.
दुसऱ्या पाटीचं त्याला काही नसतं.

दुसरी पाटी आउस्ब्योर्नने लावली,
नोकरी सोडून नुकला जायच्या आधल्या आठवड्यात.
चांगल्या मनानेच लावली असणार.
सांगितलं मात्र कुणालाच नाही.
मंगळवारी वीज गेली, मशीन उठलं,
आणि शोध भलत्याच टोकाकडून सुरू झाला.

उपाय एका फाईलचा आहे. छोटी फाईल,
प्रत्येक ओळीत एक गल्ली, वरून खाली त्याच क्रमाने.
आधी टर्मच्या ओळीत पाहा.
मग खिडक्यांच्या खोट्या टर्मिनलांत.
डिस्ककडे जाऊच नको, तिथे तुझं कुणी नाही.
हे लिहायला मला चार मिनिटं लागली.
तीन ओळी, आणि एक कोरी, ती चुकून.

आमची टेलिफोनची वही पहिल्या नावाने लावलेली असते.
मग बापाचं नाव, मग धंदा.
हाल्बेरा, अमक्याची मुलगी, संगणकवाली.
गावात हाल्बेरा एकच, म्हणून पुढचं कुणी वाचत नाही.
झ्जिस्वावा त्या वहीत नाही.
मुकादम तिला दीसा म्हणतो,
गेली चार वर्षं. हजेरीवर दीसा,
हातमोज्यांच्या खणावर दीसा, नाताळच्या भेटीवरही दीसा.
बँकेत मात्र पूर्ण नाव, आणि बापाचंही.
पगार मी बँकेला पाठवते, पेट्या हजेरीला.
मधे जो पूल आहे तो माझ्या हातचा, कागदी,
आणि आज पहिल्यांदा मी तो नीट पाहिला.

सहा पेट्या पलीकडून अलीकडे आणल्या.
लॉगिनही आता चटकन होतं,
आधी कॉफी ओतून होईपर्यंत वाट पाहावी लागे.

सकाळी सहाला ती आली, भुवयांवर बर्फ.
मी नवी चिठ्ठी दिली आणि नाव उच्चारलं,
रात्रभर सराव केलेलं.
ती हसली. "ल नाही. त्यावर रेघ आहे,
रेघ असली की तो व."
मी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं, निराळ्या जागी.
"दीसा चालेल गं," ती म्हणाली. "लवकर सापडते."

मग अकरा आकड्यावर बोट ठेवून बघितलं तिने,
चिठ्ठी घडी करून बुटात सरकवली
आणि खिडकीखाली जाऊन उभी राहिली.
चिकटपट्टीवरून एन्टर दाबलं.
माझ्या पडद्यावर ओळ आली:
टर्म सात, सहा वाजून बारा, चोवीस किलो.
मी तिसऱ्यांदा म्हणून पाहिलं, एकटीच,
काट्यांच्या खडखडाटात.